दुसरा जामीनदार

“माझ्या भावाकडून घ्या. बिनव्याजी देईल,” मी म्हणाले.

“आणि रोज सकाळी बसताना त्याचं तोंड आठवू?” गुडघा चोळत हे म्हणाले.

ह्यांच्या गुडघ्यांपायी संडासात कमोड बसवायचा होता. पाटल्या गहाण ठेवायला मी साफ नकार दिला. उरली पतसंस्था. तिथे दोन जामीनदार लागतात. एक शेजारी तयार झाला, पण कमोडसाठी कर्ज म्हटल्यावर बाकीचे नुसते हसले.

शनिवारी पतसंस्थेचे काळदाते साहेब तपासणीला आले. चांगले शंभर किलोचे. संडासात डोकावून म्हणाले, “हा काय वाईट आहे? आपल्या आजोबांकडे होता का कमोड? चैनीला कर्ज मिळत नाही.”

माझं डोकंच फिरलं. त्याच भरात पोह्यांत मिरच्या दुप्पट पडल्या. साहेबांनी आवडीने दोन बशा खाल्ल्या आणि थोड्या वेळाने घाईघाईने संडासाकडे पळाले.

पंधरा मिनिटं झाली. मग आतून बारीक आवाज आला, “अहो दाभाडे, जरा आत या हो! कडी काढलीय. उठताच येत नाहीये.”

ह्यांनी त्यांना ओढलं, त्यांनी ह्यांना ओढलं, आणि शेवटी मी दोघांना ओढलं.

घामाघूम साहेब खुर्चीत टेकले. बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग त्यांनी अर्ज मागितला आणि खिशातलं पेन काढलं. “दुसऱ्या जामीनदाराची जागा रिकामी का?”

“कोणी मिळेना हो,” हे ओशाळून म्हणाले.

साहेबांनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं.