चुलीतला च

भाषेच्या बाईंनी टॅबवर टाइप केलं आणि टेबलावरच्या स्पीकरमधून एक अनोळखी, इस्त्री केलेला आवाज म्हणाला, "मुलांनो, खाली बसा."

अडतीस मुलं मुकाट खाली बसली. घशाच्या ऑपरेशननंतर बाई आज पहिल्यांदाच वर्गावर आल्या होत्या. आवाज गेला तो गेलाच होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सकाळीच सांगून टाकलं होतं, "आजचा तास बघते. जमलं तर उत्तमच, नाहीतर तुम्ही ग्रंथालय सांभाळा. माझाही हात दगडाखाली आहे हो." ग्रंथालय म्हणजे तशी सुखाची जागा. पण पुस्तकं उलट उत्तरं देत नाहीत आणि बाईंना तर उलट उत्तरांचीच सवय.

आता मोठ्या बाई दारात उभ्या होत्या.

बाईंनी खेळ लावला. पडद्यावर वाक्य येणार, त्यातला चुकीचा लिहिलेला शब्द मुलांनी आपापल्या टॅबवर बोट ठेवून पकडायचा. खेळाचं नाव बाईंनी टाइप केलं: चूक शोधा.

स्पीकरने 'चूक'मधला च थेट 'चंद्र'मधला काढला.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते, तिला अख्खा वर्ग शंका म्हणतो. ती ताडकन उठली. "बाई, चूकच चुकली!"

वर्ग खो खो हसला. दारातल्या भुवया वर गेल्या. बाईंनी घाईघाईने पुढचं वाक्य पाठवलं, 'गाडिचे चाक निखळले', आणि आगीतून फुफाट्यात पडल्या. चाकही चंद्रावर गेलं.

"बाई, त्याला सांगा ना," शंका म्हणाली, "च लिहायचा एक, म्हणायचे दोन. चंद्रातला टाळूला, चुलीतला दातांना!"

वर्षाच्या पहिल्याच दिवशी बाईंनी शिकवलं होतं ते. शंकाने ते अगदी बाईंच्या चालीत म्हटलं, 'दातांना'वर तसाच जोर देऊन. मागोमाग सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "चुलीतला दातांना!"

बाईंचे डोळे भरून आले. गेला म्हणून महिनाभर रडल्या होत्या तो आवाज इथे अडतीस घशांत सुखरूप होता, आणि त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

डोळे पुसून त्यांनी खेळच बदलला. टाइप केलं, "आता या स्पीकरला पकडा. एका चुकीला एक गुण."

मग चोर आला, झाड आलं, जोर आला. शेवटच्या बाकावरचा डुलक्या काढणाराही पुढे सरकून बसला. एरवी बाई घसा फोडून सांगत तेव्हाही इतकं कुणी ऐकत नसे. त्या अनाडी यंत्राची अलाबला घ्यावी असं बाईंना वाटलं.

मोठ्या बाई आत आल्या. "बाई, मग काय ठरवायचं?"

बाईंनी टाइप केलं, "हा वर्ग माझा आहे."

स्पीकरने 'माझा'मध्ये 'माझी'तला झ घातला.

"माझा हो, माझा!" मोठ्या बाई दातांना जीभ लावून पटकन बोलून गेल्या.

"मोठ्या बाईंना एक गुण!" शंका ओरडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मोठ्या बाईंनी हसू दाबून पाहिलं, पण दाबलं गेलं नाही. "ग्रंथालयासाठी मी दुसरं कुणीतरी बघते," म्हणत त्या निघून गेल्या.

बाई मुलांकडे वळल्या. खूप काही सांगायचं होतं. टाइप केला एकच शब्द: धन्यवाद.

वर्गाने कान टवकारून तो ऐकला. या वेळी कुणालाच चूक सापडली नाही.