पहिल्या पानावरचा खुलासा

शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून वर्तमानपत्राचे मथळे छापत, तेव्हाची गोष्ट. 'टोळीयुद्धात दादा ठार' असा मथळा आम्ही छापला आणि दुपारी दादा स्वतःच छापखान्यात आला. त्याने उपसंपादकाचे दोन दात पाडले आणि जुळाऱ्याची मानगूट धरली.

"म्हातारी सकाळपासून ऊर बडवतेय माझी! उद्या छापा, दादा जिवंत आहे. पत्ताही टाका. ज्याला खात्री करायचीय त्याने घरी यावं."

"पत्ता कशाला, दादा?" जुळारी कण्हला.

"तुला अक्कल विचारली?"

आम्ही खुलासा पत्त्यासह पहिल्या पानावर छापला. विरोधी टोळीनेही तो वाचला.


तिसऱ्या दिवशी जुळाऱ्याला नवा मथळा जुळवावा लागला नाही. पहिल्याचे खिळे अजून तसेच जुळवलेले होते.