उतरवून घेणारा

खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हातारा पहिलवान वाघ जिन्याच्या तोंडाशी उभा होता. उतरून दाखवलं तर घरी, नाहीतर आणखी आठवडाभर दवाखाना. धरायला मुलगा होता, जावई होता, दोन वॉर्डबॉयही होते, पण वाघ काही कठडा सोडेना.

"बैलाला बोलवा," तो म्हणाला.

बायकोने कपाळावर हात मारला. "ज्याने तुमचा खांदा मोडला त्याला?"

बैल हा त्याचा रिंगमधला कायमचा वैरी. तिकीट लावून होणाऱ्या त्यांच्या कुस्त्यांत उचलणं, फेकणं सगळं आधीच ठरलेलं असायचं. अकरा वर्षांपूर्वी मात्र न ठरलेलं हाड मोडलं. बैलाने मुद्दाम आपटलं, असं वाघाने पेपरवाल्यांना सांगितलं, बैलावर वर्षभर बंदी आली आणि दोघांचं बोलणं संपलं.

"चारशे वेळा उचललंय त्याने मला, मोडलं एकदाच," वाघ म्हणाला. "आपल्या जावईबापूंनी आजवर जेवलेलं ताट तरी उचललंय का?"

जावई मोबाइलमध्ये बघू लागला.

तासाभरात बैल आला. पोट सुटलं होतं, पण पंजे तेच होते. त्याने वाघाच्या कमरेला हात घातला आणि उचलण्याआधी रिंगमध्ये पुटपुटायचा तसाच कानाशी पुटपुटला, "तीन म्हटलं की पाय टाक."

वाघ खालच्या पायरीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी दोनलाच उडी मारली होती रे."



"माहीत आहे. म्हणून तर आज मोजायच्या आधीच धरलंय."