बाकाजवळचं झाड

खोड कापलं की झाडाखाली वर्षानुवर्षं बोललेलं यंत्रावर ऐकता येतं, हे कळल्यापासून बागेतल्या जुन्या शिरीषांवरून सोसायटीत दोन तट पडले होते. फांद्या गाडीवर पडतात म्हणून इतके दिवस तक्रारी करणारे कानविंदे तर एकाएकी वृक्षप्रेमी झाले होते.

"मतं समसमान आहेत," ते म्हणाले. "आता अध्यक्षांचं मत. पण हेमलताताई काय, आपल्याच. पहिल्यापासून झाडांच्या बाजूच्या."

हेमलताताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. त्यांचे यजमान रोज सकाळी बाकाजवळच्या शिरीषाखाली बसून तासभर पुटपुटायचे. घरी आल्यावर मात्र 'मीठ कमी आहे' यापलीकडे संभाषण जायचं नाही. गेल्या वर्षी ते गेले, तेही काही न बोलताच.

"बाकाजवळचं तेवढं तोडा," त्या म्हणाल्या.

कानविंद्यांचा चेहरा उतरला. "अहो ताई, सगळ्यांचंच बाहेर येईल की."

"तुमचं काही मला ऐकायचं नाही. ह्यांचा आवाज लागला की सगळ्यांनी बाहेर जायचं. त्यात माझं नावच नसेल, तर ते तुमच्यादेखत कळायला नको."