पाठीवरचा पर

धरण पाडल्यावर नदीत मूळचे सॅमन मासे पुन्हा नांदावेत, म्हणून कोरिनाने योजना आखली. नदीत आडव्या लावलेल्या जाळीपाशी प्रत्येक मासा तपासायचा. पाठीवरचा छोटा पर शाबूत असेल तर तो नदीत जन्मलेला. त्याला अंडी घालायला जाळीच्या वर, उगमाकडे सोडायचं. पर कापलेला असेल तर तो हौदात वाढवलेला. त्याची वीण मूळ वाणात मिसळू नये म्हणून त्याला तिथेच मारायचं.

मासे धरायला तिचा मामा डेल्मर होता. सकाळपासून तो माशांची थट्टा करत होता, "आधी पासपोर्ट दाखवा, बाईसाहेब!" मग पर नसलेली एक मादी हाती आली, पोट अंड्यांनी तटतटलेलं, आणि त्याने ती पाण्यातच धरून ठेवली.

"मामा, सोटा घे."

"पोरी, धरण होतं तेव्हा हा वंश मीच हौदात जगवला. नाहीतर आज वर सोडायला तुला कोण मिळालं असतं?"

"ठाऊक आहे मला. पण हिचा पर कापलेला आहे."

"मीच कापायचो, प्रत्येक पिल्लाचा," सोटा उचलत मामा म्हणाला. "म्हटलं, समुद्रावरून परत आली की माझी मला ओळखू यावीत."