हिरवं कडं

कल्पना करा हं मुलांनो, दिवसभराचं काम संपलं की मनगटावरचं कडं आपोआप हिरवं होतं. शेजारच्या देशात ते दुपारी हिरवं होतं आणि माणसं लगेच घरी जातात. छोट्या शाल्मलीच्या आईचं कडंही दुपारीच हिरवं व्हायचं, पण ती अंधार पडेपर्यंत कचेरीतच बसायची. मग शाल्मलीला सायकल शिकवणार कोण?

आज शाल्मली स्वतःच आईला न्यायला आली.

"आई, ऊठ ना!"

"अगं, साहेब बसलेत अजून. त्यांच्याआधी कसं उठायचं?"

शाल्मली थेट साहेबांच्या खोलीत शिरली. त्यांचंही कडं हिरवंगार!

"काका, तुम्ही का बसलात?"

साहेब कुजबुजले, "बाहेर सगळे बसलेत ना गं. मीच आधी उठलो तर काय म्हणतील?"

शाल्मलीने त्यांचा डबा काखेत मारला, त्यांचं बोट धरलं आणि सगळ्यांच्या देखत त्यांना दाराबाहेर नेलं.