वल्ह्याला कान

इंजिन बंद झालं तसं महिपतने वल्हं पाण्यात सोडलं, दांडा कानाशी घट्ट धरला आणि डोळे मिटले. मागे सुकाणूपाशी श्रीपती गप्प बसला. वल्ह्याला कान लावलेला असताना होडीत कुणी बोलायचं नाही, विडीसुद्धा पेटवायची नाही, असा त्यांच्या वाडीचा रिवाज.

घोळ मासा पाण्याखाली बेडकासारखा डुरकतो. थवा असला की तो आवाज लाकडातून वर चढतो. तो ऐकणारे कान वाडीत एकच उरले होते, महिपतचे. तो 'हाय' म्हणाला की जाळं टाकायचं, 'नाय' म्हणाला की पुढे जायचं. त्यावर वाद नाही.

श्रीपतीने पायाजवळचं गोणपाट हळूच उचललं. खाली फिश फाइंडरचा पडदा होता. बारा वाव खोल पाणी, आणि तळाशी लाल-पिवळे ठिपकेच ठिपके. खाली नुसता बाजार भरला होता. मासा दिसला की वाजायचं, हे त्या मशीनचं काम. ते टुक टुक वाजत होतं आणि चार हातांवर बसलेला महिपत ढिम्म होता.

मशीन श्रीपतीने नवरात्रात बसवलं, तेही चोरून. महिपतदादाला अपमान वाटेल म्हणून सुरुवातीला त्याचा आवाज बंद ठेवला होता. एकदा चुकून भलतंच बटण दाबलं गेलं, भर समुद्रात मशीन कोकलायला लागलं आणि श्रीपतीने घाईघाईने त्यावर गोणपाट टाकलं. महिपतने मागे वळूनही पाहिलं नाही. तेव्हा श्रीपतीला कळलं, दादाचा कान पुरता गेलाय. माणसांशी बोलताना महिपत ओठ बघायचा हे तर सगळ्यांना माहीत होतं. "भायेरचा कमी येता," तो म्हणायचा, "पन लाकडातला सगळा येता." त्या दिवसापासून मशीनचा आवाज चालूच राहिला; महिपतने कुठेही 'हाय' म्हटलं की श्रीपती होडी जराशी सरकवून पडदा सांगेल तिथे जाळं टाकायचा. मासा मिळायचा. बंदरावर महिपतच्या कानाचं कौतुक व्हायचं आणि सगळ्यात मोठ्याने ते श्रीपतीच करायचा.

महिपतने डोळे उघडले. श्रीपतीचा हात जाळ्यावर गेलासुद्धा.

"नाय," महिपत म्हणाला.

श्रीपतीने हात मागे घेतला. महिपत वल्ह्याकडे पाहत होता. मग तो वळला.

"श्रीपत, हिकडं ये. तू लाव कान."

"मी कशाला, दादा? तुमी हाव ना."

"लाव म्हनतो ना." महिपतचा आवाज उगीचच मोठा होता, हल्ली तो तसाच असायचा. "चार महिने झाले, मला लाकडातला पन कायच येत नाय. मी आपला नुसता हाय म्हनतो आनि तुजा नशीब चांगला म्हनून मासा लागतो. आज खरा काय ता कळू दे. तुला आयकू आला, तर माजा कान गेला. उद्यापासून मी घरी बसेन. आयकायचा नाय तर होडीत नुसता वजन कशाला?"

दोघांनी जागा बदलल्या. महिपत सुकाणूपाशी बसला, अगदी गोणपाटाला पाय लावून. पायाशी मशीन टुक टुक करत होतं. श्रीपतीने वल्ह्याला कान लावला.

लावण्याची गरजच नव्हती इतका आवाज होता. पावसाळ्यात विहिरीत बेडूक जमावेत तशा घोळी डुरकत होत्या. एवढा थवा श्रीपतीने आयुष्यात ऐकला नव्हता. एका कानात मासा, दुसऱ्या कानात मशीन, आणि समोर महिपत त्याच्या ओठांकडे डोळे लावून बसलेला.

श्रीपतीच्या बायकोला, हेमाला, जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा चिपळूणला कंपनीत, त्याला समुद्राचा वासही नको. घरी गेल्यावर श्रीपती टीव्ही लावायचा, बघायचा नाही. दिवसभरात जो काही बोलायचा तो या होडीत. दादाशी खोटं बोलायची त्याला लाज वाटली, पण उद्या या फळीवर एकट्याने बसायची भीती त्याहून मोठी होती.

त्याने मान हलवली. दादाला नीट दिसावं म्हणून तोंड मोठं उघडून म्हणाला, "कायपन नाय."

"नीट आयकलास?"

"आयकला. कायपन नाय."

महिपत थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे खाली आले आणि तो हसला. मासा नाही म्हणून इतका आनंद झालेला माणूस अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा नसेल.

"मग दर्याच रिकामा हाय आज," तो म्हणाला. "मी उगाच घाबरलो. उद्या पावस गावच्या अंगाला जाऊ. सकाळी लवकर ये." गोणपाट ओलांडून तो पुढे गेला आणि आपल्या जागेवर बसला, किल्ल्यावरच्या दीपगृहाकडे तोंड करून.

जाळं कोरडंच राहिलं. श्रीपतीने इंजिनची दोरी हातात घेतली, पण ओढली नाही.

"दादा," त्या पाठीकडे बघत तो साध्या आवाजात म्हणाला, "लय हाईत हो खाली. लय हाईत."

पाठ हलली नाही. गोणपाटाखालून तेवढं उत्तर येत राहिलं, टुक टुक, टुक टुक.